ऑपरेशन्स मॅनेजमेंट शिकताय? आधी रावेर-सावद्याची केळी बघा!

बीबीए-एमबीएच्या मित्रमैत्रिणींनो, कच्चा माल, माणसं, यंत्रं आणि वेळ यांची सांगड घालून योग्य दर्जाचा माल वेळेत आणि कमी खर्चात पोहोचवणं म्हणजे ऑपरेशन्स मॅनेजमेंट. जळगाव जिल्ह्याच्या केळीत त्याचे सगळे धडे आहेत.

१. नियोजन: केळी हिरवी असतानाच कापतात. बाजार जितका लांब, तितकी कापणी लवकर. मजूर, गाडी आणि व्यापारी यांची वेळ आधीच जुळवावी लागते.

२. साठा: माल नाशवंत. गोदामात भरून भाव वाढायची वाट बघता येत नाही. मागणीचा अंदाज चुकला की थेट नुकसान.

३. दर्जा: तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की साल काळवंडते. म्हणून तपासणी शेवटी एकदा नाही, प्रत्येक टप्प्यावर हवी.

४. क्षमता: कापणी कितीही झपाट्याने करा, पिकवण्याचे चेंबर अपुरे असतील तर अख्खी साखळी त्यांच्याच गतीने चालते. हाच बॉटलनेक. सुधारणा तिथूनच सुरू करा.

५. प्रक्रिया: १९७८ मध्ये उद्योजक भवरलाल जैन यांनी जळगावातला केळी-भुकटीचा कारखाना घेतला आणि त्यात बदल करून पपईच्या चिकापासून पपेन हे एन्झाइम बनवायला सुरुवात केली. हातातल्या यंत्रणेचा नवा उपयोग शोधणं, हेही ऑपरेशन्सच!

आता जळगावची एखादी डाळमिल किंवा धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतला कारखाना परवानगी घेऊन बघा. प्रत्येक टप्प्याला लागणारा वेळ वहीत लिहा. सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो, ते कमेंटमध्ये नक्की सांगा!