मांजराचे मूक गाऱ्हाणे

मांजर हा मुळातच स्वच्छतेची आवड असलेला प्राणी आहे. दिवसातील बराच वेळ ते आपले अंग चाटून साफ करण्यात घालवते आणि मलमूत्राचे विसर्जन केल्यावर त्यावर माती ओढते. हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. चार-पाच आठवड्यांचे पिल्लूही मऊ माती दिसली की ती पंजाने उकरू लागते. असे हे मांजर एके दिवशी आपला वाळूचा ट्रे सोडून गादीवर, धुतलेल्या कपड्यांच्या ढिगावर किंवा दारामागच्या कोपऱ्यात लघवी करू लागले, की घरातील माणसे गोंधळून जातात. कोणी त्याला खोडी म्हणतात, तर कोणी सूड. परंतु मांजर सूड उगवत नसते. आपल्या शरीरात, आपल्या जागेत किंवा भोवतालच्या वातावरणात काहीतरी बिघडले आहे, हेच ते आपल्या वागण्यातून व्यक्त करीत असते. हे मूक गाऱ्हाणे कोणी समजून घेतले नाही, तर मांजराला मार बसतो, पुष्कळदा त्याला दूर नेऊन सोडले जाते आणि काही वेळा, बरा होण्याजोगा आजार लक्षात न आल्यामुळे, त्याचा जीवही जातो.

हा प्रश्न आजच्या शहरांत अधिक का जाणवतो, हे बेंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरीच्या उदाहरणावरून समजू शकते. कनकपुरा रस्त्यावर १९१५ साली स्थापन झालेल्या बनशंकरी देवीच्या मंदिरावरून या भागाला नाव मिळाले. बनशंकरी म्हणजे वनातील देवी. या नावाला साजेसा हा परिसर एकेकाळी शहराबाहेर होता. पुढे तेथे टप्प्याटप्प्याने वसाहती उभ्या राहिल्या. आजही तेथील पत्ते ‘पहिला स्टेज’, ‘दुसरा स्टेज’ असेच सांगितले जातात. २०१७ पासून तेथे मेट्रोही धावू लागली. बैठ्या घरांच्या जागी अनेक मजली इमारती आल्या. बैठ्या घरातील मांजर परसात किंवा नारळाच्या आळ्यात जाऊन येत असे आणि त्याच्या लघवीचा विचार कोणालाही करावा लागत नसे. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेतील मांजराच्या पायाखाली मात्र केवळ फरशी असते. पुणे, ठाणे, नाशिक येथील सदनिकांतही हीच स्थिती आहे. परसातील सगळ्या मातीची जागा आता प्लॅस्टिकच्या एका ट्रेने घेतली आहे. तो ट्रे मांजराला मानवला नाही, तर त्याच्यापुढे दुसरा पर्याय उरत नाही.

मांजराच्या या सवयीचे मूळ फार जुने आहे. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील कोरड्या प्रदेशांत राहणारी रानमांजरे होत. माणसाचा आणि मांजराचा सहवासही प्राचीन आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. कोरड्या प्रदेशातील पूर्वजांकडून मांजराला दोन गोष्टी मिळाल्या. वाळूसारखी भुसभुशीत जमीन त्याला आवडते आणि त्याची मूत्रपिंडे पाण्याची मोठी बचत करतात. त्यामुळे ते पाणी कमी पिते आणि त्याचे मूत्र अतिशय गाढ असते. या मूत्रात फेलिनीन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्याचे विघटन झाले की गंधकयुक्त द्रव्ये तयार होतात आणि तो परिचित उग्र दर्प पसरतो. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मूत्रात हे द्रव्य अधिक असते.

घरात मांजरासाठी पूर्वी राख किंवा वाळू ठेवीत. ट्रेमध्ये घालण्याची खास माती ही त्यामानाने अलीकडची गोष्ट आहे. १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो यांनी आपल्या शेजारणीला राखेऐवजी मुलतानी मातीच्या जातीची, ओल शोषणारी माती दिली. ती इतकी सोयीची ठरली, की पुढे तिचा मोठा व्यवसाय झाला. आता ही माती भारतातील शहरांतही ‘लिटर’ या नावाने विकली जाते.

मांजर ट्रेबाहेर लघवी करू लागले, की सर्वप्रथम आजाराचा विचार करावा. मूत्राशयाचा दाह, मूत्रमार्गातील खडे, संसर्ग, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार यांमुळे लघवीची सवय बदलते. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतील, तर उंच कडेच्या ट्रेमध्ये चढणे त्याला कठीण जाते. लघवी करताना वेदना झाल्या, तर मांजर त्या वेदनांचा संबंध ट्रेशी जोडते आणि ट्रे टाळू लागते. यांतील एक अवस्था अत्यंत धोक्याची आहे. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबू शकतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो, कण्हतो, जोर करतो, पण थेंबभरच लघवी होते किंवा मुळीच होत नाही, असे दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. मूत्र अडून राहिल्यास एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. त्याला बद्धकोष्ठ झाले असेल, असे समजून घरगुती उपचार करण्यात मोलाचा वेळ जातो. बेंगळुरूत हेब्बाळ येथे आणि मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. इतर गावांतील लोकांनी जवळच्या पशुवैद्याकडे जावे. माणसांची वेदनाशामक औषधे मांजराला कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या मृत्यूला कारणीभूत होऊ शकते.

आजार नाही, अशी पशुवैद्याने खात्री दिल्यावर मांजर लघवी करते की खूण करते, हे पाहावे. लघवी करताना मांजर खाली बसते आणि सपाट जागेवर पुष्कळ ओल करते. खूण करताना ते उभे राहते, शेपूट उंचावून थरथरवते आणि भिंतीवर, दारावर किंवा पडद्यावर थोडीशी पिचकारी मारते. ‘हा प्रदेश माझा आहे’ असे इतर मांजरांना कळविण्याची ती रीत होय. बोके असे अधिक करतात, तथापि माद्याही करतात. नसबंदी केल्यावर बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते किंवा बरीच कमी होते.

मांजर खूण करीत नसून खरोखर लघवी करीत असेल, तर ट्रेकडे लक्ष द्यावे. घरात जितकी मांजरे असतील, त्यांपेक्षा एक ट्रे अधिक असावा आणि सर्व ट्रे एकाच ठिकाणी ठेवू नयेत. ट्रेची लांबी मांजराच्या शरीराच्या साधारण दीडपट असावी, म्हणजे त्याला आत सहज वळता येते. वाळू बारीक, मऊ आणि बिनवासाची असावी; तिचा थर तीन-चार सेंटिमीटर पुरतो. माणसाला आल्हाददायक वाटणारा सुगंध मांजराच्या तीक्ष्ण नाकाला त्रासदायक होतो. ट्रे धुलाई यंत्राशेजारी किंवा सतत वर्दळ असलेल्या वाटेवर ठेवू नये. अन्नपाण्याजवळ तर तो मुळीच ठेवू नये. दिवसातून एकदा तरी मळ काढावा आणि काही दिवसांनी संपूर्ण ट्रे साध्या साबणाने धुवावा. रोजच्या सफाईचा लाभ माणसांनाही होतो. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा प्रसार होतो. परंतु तो संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. तरीही गर्भवती स्त्रीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

जेथे एकदा लघवी झाली, तेथे वास उरला तर मांजर पुन्हा तेथेच जाते. म्हणून डाग नीट काढणे आवश्यक असते. आपल्याकडे अशा वेळी सहज फिनेलची बाटली काढली जाते. मांजराच्या बाबतीत ही चूक घातक ठरू शकते. फिनॉल जातीची द्रव्ये निकामी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच अल्प असते. फिनेल लावलेल्या फरशीवरून चालून त्याने पंजे चाटले, तर विषबाधा होऊ शकते. अमोनियाचा वास मूत्रासारखाच असतो, म्हणून अमोनियायुक्त द्रवही वापरू नये. ब्लीचचा मूत्राशी संयोग झाल्यास घशाला व फुप्फुसांना अपायकारक वायू निर्माण होतो. त्याऐवजी ओल कापडाने टिपून घ्यावी, एन्झाइमयुक्त धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने जागा धुवावी आणि पूर्ण सुकू द्यावी. बेंगळुरूसारख्या, सप्टेंबर-ऑक्टोबरातही भरपूर पाऊस पडणाऱ्या शहरात दमट हवेमुळे जुन्या डागांचा वास पुन्हा जाणवू लागतो. तेव्हा ते शोधून साफ करावेत.

ट्रे व्यवस्थित असूनही प्रश्न सुटला नाही, तर घरातील वातावरणाचा विचार करावा. मांजराला बदल रुचत नाही. नवे घर, नवे बाळ, पाहुण्यांची वर्दळ, दिवाळीचे फटाके किंवा खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका यांपैकी काहीही त्याला अस्वस्थ करू शकते. खिडकीचा खालचा भाग झाकणे, लपण्यासाठी खोका व बसण्यासाठी उंच जागा देणे, जेवणाच्या व खेळाच्या वेळा ठरलेल्या ठेवणे, या साध्या उपायांनी त्याला धीर येतो. सवय फारच बिघडली असल्यास त्याला काही दिवस एका लहान खोलीत स्वच्छ ट्रे, पाणी व अंथरूण देऊन ठेवावे आणि ते नियमाने ट्रे वापरू लागल्यावर हळूहळू इतर खोल्या मोकळ्या कराव्यात.

मांजराला मारणे किंवा त्याचे नाक ओल्या जागी घासणे यांतून काहीही साध्य होत नाही. लघवी आणि शिक्षा यांचा संबंध त्याला जोडता येत नाही. त्याला केवळ माणसाची भीती वाटू लागते आणि भीतीने ट्रेबाहेर जाणे वाढतेच. कंटाळून त्याला दूर सोडून देणे तर कायद्यालाही मान्य नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार, जेथे भूक किंवा तहान यांमुळे हाल होण्याचा संभव आहे अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे.

लघवी कोठे झाली, किती झाली, त्या दिवशी घरात काय घडले, याची दोन आठवडे वहीत नोंद ठेवली, तर कारण बहुधा आपोआप स्पष्ट होते. त्या नोंदी पशुवैद्यालाही उपयोगी पडतात. मुक्या प्राण्याला शब्द नसतात. परंतु त्याच्या वागण्याकडे शांतपणे पाहणाऱ्याला त्याचे म्हणणे कळू शकते. गादीवरचा ओला डाग धुऊन टाकण्यापूर्वी त्याचे कारण शोधणारे घर मांजराचा त्रास वाचवते आणि आपलाही.