किडनीचा रुग्ण प्रवासात असेल तर शहाळे का नको?

मेहकरला रेल्वे नाही. मोठ्या दवाखान्यासाठी नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे तर एसटी, नाहीतर खासगी गाडीने समृद्धी महामार्ग. सोबत किडनीचा रुग्ण असला की घरचे लोक तळलेले टाळतात, वाटेत शेगावची कचोरी समोर आली तरी नको म्हणतात आणि त्याऐवजी शहाळे, केळी, संत्र्याचा रस हातात देतात. अडचण नेमकी इथेच आहे. ज्यांच्या रक्तातले पोटॅशियम वाढलेले असते, त्यांना हे 'पौष्टिक' पदार्थ कचोरीहूनही महागात पडू शकतात.

जिल्ह्यात हा विषय नवा नाही. घाटाखालच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोदकडे, किडनीच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षे सुरू आहे. मेहकर घाटावर असले तरी मधुमेह आणि रक्तदाब ही किडनी बिघडण्याची मोठी कारणे इथेही आहेतच.

पोटॅशियम वाढले की काय होते?

खाण्यातून आलेले जादा पोटॅशियम निरोगी किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. किडनी मंदावली की ते रक्तात साठते आणि हृदयाचे ठोके बिघडतात. अनेकदा आधी काहीच जाणवत नाही, म्हणून धोका जास्त. बंधन असलेल्या रुग्णाला बऱ्याचदा दिवसाला २,००० ते ३,००० मिलिग्रॅमच्या दरम्यान मर्यादा दिली जाते. मोठा ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात साधारण ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, मध्यम केळ्यात ४००च्या आसपास आणि मध्यम सफरचंदात त्याच्या निम्मे. डायलिसिसची एखादी पाळी प्रवासामुळे चुकली असेल, तर हा हिशेब आणखी कडक होतो.

मात्र हे बंधन प्रत्येक किडनी रुग्णाला नसते. पाण्याचेही तसेच. मुतखडा असलेल्याला भरपूर पाणी प्यायला सांगतात, तर डायलिसिसवरच्या व्यक्तीला मोजून. त्यामुळे शेजाऱ्याचे पथ्य उचलू नका. निघण्याआधी ताजा रिपोर्ट दाखवून स्वतःची मर्यादा विचारून घ्या.

मीठ बदलले की झाले?

नाही. 'लो सोडियम' मिठात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाबाबत सूचना दिल्या, त्यातून किडनीच्या रुग्णांना वगळले आहे. उपवासाचे सैंधव हे मुख्यतः सोडियम क्लोराइडच, म्हणजे तेही मीठच. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याचा दोष फारसा नाही. पोटॅशियम येते ते बटाट्यातून आणि दाण्याच्या कुटातून.

डब्यात काय न्यावे?

समृद्धीवर इंटरचेंज दूर दूर आहेत. वाटेल तिथे उतरून काही घेता येत नाही. म्हणून डबा घरचाच बरा. पोळी किंवा फोडणीचा भात, दुधी, दोडका किंवा कोबीची कमी मिठाची भाजी, सोबत सफरचंद. लोणचे, पापड, फरसाण, मीठ घातलेला ठेचा घरीच राहू द्या. त्याने तहान वाढते आणि मग पाण्याचा हिशेब कोलमडतो. बटाटा टाळणे जमणारच नसेल, तर सोलून, पातळ चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या. पोटॅशियम बरेच कमी होते, संपत नाही.

पाण्याची मर्यादा असेल तर दिवसाचे पाणी मोजलेल्या बाटलीतच भरा. चहा, ताक, आमटीही त्यातच मोजायची. विदर्भाच्या उन्हात हे सोपे नाही. चूळ भरणे, लिंबाची फोड चोखणे याने थोडा आराम पडतो. काळ्या रंगाच्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फरसही असतो, ते नकोच. फॉस्फरस कमी करण्याची गोळी जेवणासोबतच घ्यायची असते, तेव्हा ती डिकीतल्या बॅगेत न ठेवता डब्यासोबत ठेवा.

वाटेत बिघडले तर?

मधुमेहही असेल आणि साखर उतरली, घाम फुटला, हात थरथरू लागले, तर रुग्ण शुद्धीवर असताना संत्र्याचा रस शोधू नका. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात द्या. जुलाब लागले तर ओआरएसची पुडी लगेच फोडण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. फोन लागला नाही किंवा जुलाब थांबत नसतील, तर वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठा.

अचानक अशक्तपणा, पायांत जडपणा, छातीत धडधड किंवा ठोके मंदावल्यासारखे वाटले, तर १०८ला फोन करा. दवाखान्यात पोहोचताच 'किडनीचा रुग्ण आहे, पोटॅशियम वाढलेले असू शकते' हे पहिले सांगा, म्हणजे ईसीजी आणि रक्ततपासणी लगेच होईल. शेवटचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी आणि डायलिसिसची शेवटची तारीख यांचा फोटो रुग्णाच्या आणि सोबत्याच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा.