क्रिस्टल ऑसिलेटर अचूक का राहत नाही? आणि तो स्थिर कसा करतात?

मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. घड्याळ ही कंपनं मोजूनच सेकंद ठरवतं. क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलटही होतं, वीज दिली की क्वार्ट्झचा आकार किंचित बदलतो. याच गुणावर क्रिस्टल ऑसिलेटर चालतो.

मग अडचण कुठे येते?

अडचण आहे तापमानाची. घड्याळातला क्रिस्टल साधारण २५ अंशांना सर्वात अचूक असतो. पारा १० अंशांनी सरकला, तर दिवसाला सुमारे ०.३ सेकंदाचा फरक पडतो. घड्याळाला तो चालतो, पण रेडिओ उपकरणांना आणि मोजमापाच्या यंत्रांना चालत नाही.

त्यावर उपाय म्हणजे क्रिस्टलला स्वतःचं हवामान देणं. क्रिस्टल छोट्या ‘अवन’मध्ये ठेवून कायम एकाच तापमानाला तापवतात. अशा ऑसिलेटरला ‘ओसीएक्सओ’ म्हणतात.

घरी किंवा गाळ्यात बनवायचा तर?

समजा, वसईजवळच्या कामणमधल्या एखाद्या गाळ्यात कुणी १० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर शिकायला घेतला.

१. तापमान निवडा. अवन फक्त गरम करू शकतो, थंड नाही. पत्र्याखाली उन्हाळ्यात डबा आतून जेवढा तापेल, त्याहून बरंच वरचं तापमान हवं.

२. वळणबिंदू शोधा. या कामासाठी साधारणपणे ‘एटी-कट’ क्रिस्टल घेतात. तो हळूहळू तापवत वारंवारता लिहून ठेवा. ती घसरत जाते आणि एका ठिकाणी पुन्हा वर वळते. तिथे तापमान थोडं हललं तरी वारंवारता जवळपास हलत नाही. अवन तिथेच सेट करा.

३. उष्णता धरून ठेवा. क्रिस्टल धातूच्या ठोकळ्याला चिकटवा. थर्मिस्टर तापमान बघतो, ट्रान्झिस्टर ठोकळा तापवतो. भोवती उष्णतारोधक आवरण द्या. थर्माकोल मात्र नको, तो उष्णतेने बसतो.

४. क्रिस्टलला दामटू नका. जास्त प्रवाह दिला की तो आतून तापतो आणि लवकर जुना होतो. पुरवठ्याचा व्होल्टेज स्थिर ठेवा. पावसाळ्यातल्या दमट हवेत सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स गळती वाढवतो, म्हणून बोर्ड नीट धुवा आणि डबा बंद करा.

पण बरोबर आहे हे कळणार कसं?

इथेच शिकणारे अडतात. साध्या काउंटरच्या आतही क्रिस्टलच असतो, म्हणजे तोही सरकतो. म्हणून तुलना जीपीएस रिसीव्हरच्या दर सेकंदाच्या ठोक्याशी करतात. हे ठोके अणुघड्याळांशी जुळलेले असतात. १० मेगाहर्ट्झचे ठोके १ सेकंद मोजले तर १ कोटीत १ एवढा फरक दिसतो, १,००० सेकंद मोजले तर १,००० कोटींत १. बनवण्याइतकाच संयम मोजण्यात लागतो. नवा क्रिस्टल स्थिरावायला अनेक दिवस घेतो, म्हणून तो सतत चालू ठेवतात.

एवढी अचूकता कुणाला लागते?

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० डिश सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत आणि त्यांचे सिग्नल एकत्र जुळवावे लागतात. दोन डिशचे ऑसिलेटर स्वतंत्र असते आणि त्यांच्यात अब्जात फक्त १ चा फरक असता, तर १,४२० मेगाहर्ट्झवर ते दर सेकंदाला एका पूर्ण लहरीहून जास्त अंतराने एकमेकांपासून सरकले असते. म्हणून तिथे एकच मध्यवर्ती संदर्भ ऑप्टिकल फायबरने सगळ्या डिशपर्यंत पोचवला जातो.

कामणच्या गाळ्यातला ऑसिलेटर असो की खोडदची दुर्बीण, नियम एकच: क्रिस्टलचं हवामान सांभाळा आणि त्याच्यापेक्षा अचूक घड्याळाशी त्याला सतत ताडून बघा.