जात्यावरची ओवी संगणकात गेली तेव्हा

आपल्या आया-आज्या पहाटे जात्याला बसत. दळता दळता सुखदुःख ओवीत घालत. गावोगाव पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि ओवीही मागे पडली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांच्या साथीने एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात आपल्या माउल्यांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. पुढे संगीत व संगणकाचे फ्रेंच अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या मदतीने हा ठेवा संगणकात गेला. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर तो आवाजासह ऐकायला मिळतो.

यंत्र आले म्हणून संशोधनात काय बदलले, हा आमच्या कुतूहलाचा विषय. वहीत ओवी दोन ओळींची दिसते. गाताना मात्र बाई अर्धी ओळ पुन्हा घोळविते, मध्येच ‘गं बाई’ म्हणते, दम घेते. लिहिणारा हे सारे गाळतो, टेप गाळीत नाही. दुसरे असे, की प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव आणि गाव नोंदता येते. एरवी पुस्तकात ‘लोकगीत’ एवढेच छापायचे अन् बाई गायब! आम्हाला ही नावाची गोष्ट फार मोलाची वाटते.

पण संगणकाला खण लागतात. माहेर, लेक, भाऊ, भीमराव. आता एखादी माउली बाबासाहेबांनाच भाऊ म्हणते, त्या ओवीचे काय करायचे? ती कुठल्या खणात घालायची हे माणूसच ठरवितो. चुकीच्या खणात पडली तर शोधणाऱ्याच्या हाती ती लागायचीच नाही. हल्ली आवाजावरून मजकूर आपोआप लिहून देणारी यंत्रेही निघाली आहेत. वेळ वाचतो खरा, पण आजीची बोली त्यांना नीट उमगत नाही. न उमगलेल्या शब्दाच्या जागी यंत्र दुसराच ओळखीचा शब्द ठेवून देते, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

घरोघरी आता मोबाइल आहे. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी आजीला आधी विचारावे, तिची मर्जी असेल तरच आवाज घ्यावा. तिचे पूर्ण नाव, गाव, साल लिहावे. मग लिहिलेला मजकूर तिलाच वाचून दाखवावा. आजी चूक लगेच पकडते.