‘जास्त विचार करू नकोस’ हा उपचार नाही

भिलाईत स्मृति नगर, जुनवानी, नेहरू नगर भागातल्या अनेक घरांचं घड्याळ आजही पोलाद कारखान्याच्या पाळ्यांवर चालतं. एका खोलीत रात्रपाळी करून आलेला मुलगा झोपलेला, दुसरीत नात जेईईच्या तयारीला बसलेली, बाहेर पेपर घेऊन प्लांटमधून निवृत्त झालेले आजोबा. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून इथे येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांतही हेच चित्र दिसतं. या तिघांचंही मन थकतं, पण प्रत्येकाची कारणं वेगळी. घरातून सल्ला मात्र तिघांना एकच मिळतो: जास्त विचार करू नकोस.

गैरसमज : मनाचा आजार कमकुवत माणसांना होतो.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात छत्तीसगडही होतं. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या काळात कुठला ना कुठला मानसिक विकार होता. त्याहून गंभीर बाब म्हणजे, आजारानुसार 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. भट्टीच्या धगीसमोर उभं आयुष्य काढलेल्या माणसालाही नैराश्य येतं. त्यामागे अनुवंश, दीर्घ आजार, दारू, कर्ज, घरातला छळ असं काहीही असू शकतं. हिमतीचा इथे संबंध नाही.

गैरसमज : चिडचिड हा त्याचा स्वभावच आहे.

असेलही, पण आधी त्याची झोप बघा. मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. रात्रपाळी संपवून माणूस सकाळी घरी येतो तेव्हा शरीर जागं व्हायच्या तयारीत असतं. त्यामुळे दिवसाची झोप तुटक आणि कमी होते. त्यातच दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या आणि ‘बँकेत जाऊन ये ना जरा’. पाळी दर काही दिवसांनी बदलली की जमलेली झोप पुन्हा मोडते. झोप सतत अपुरी राहिली की राग लवकर येतो, चुका वाढतात, नैराश्याचा धोकाही वाढतो. प्लांटमधला ताण असा स्वयंपाकघरात येऊन फुटतो आणि घरचे त्याला स्वभाव समजतात. खिडकीला जाड पडदा, पाळीच्या शेवटच्या काही तासांत चहा-कॉफी बंद आणि त्याच्या झोपेची वेळ सगळ्या घराने पाळणं, एवढ्यानेही फरक पडतो. दोन-तीन आठवड्यांत पडला नाही, तर डॉक्टरकडे जायला हवं.

या घरातल्या बाईकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तिन्ही पाळ्यांचे डबे तीच करते, त्यामुळे तिची झोपही पाळीवरच चालते. ती उदास आहे असं म्हणत नाही. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं असं सांगते. नैराश्य आणि चिंता पुष्कळदा शरीरातूनच बोलतात. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी तिचं दुखणं खोटं ठरत नाही.

गैरसमज : वय झालं, विसरणारच.

निवृत्तीनंतर क्वार्टर सुटतं, शेजार सुटतो, रोज भेटणारे सोबती पांगतात. त्यानंतर आजोबा गप्प झाले, जेवण कमी झालं, नावं विसरू लागले, तर तो स्मृतिभ्रंशच असेल असं नाही. उतारवयातलं नैराश्य कित्येकदा अगदी तसंच दिसतं आणि ते बरं होऊ शकतं. थायरॉइड आणि बी-12 तपासणं आवश्यक आहे, कारण त्यांच्या कमतरतेनेही अशी लक्षणं येतात.

गैरसमज : मुलांशी आत्महत्येविषयी बोललं तर ते डोक्यात शिरेल.

हा समज सगळ्यांत घातक आहे. शांतपणे, थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते. रँक मागे गेली म्हणून पोर जेवत नसेल, ‘मी नसते तर बरं झालं असतं’ म्हणत असेल, तर नाटक समजू नका. तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

गैरसमज : गोळ्यांची सवय लागते.

हा समज अर्धाच खरा आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते. दुकानातून परस्पर आणून त्या घेणं धोक्याचंच. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांची तशी लत लागत नाही. पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि ती मनाने एकदम बंद केली तर त्रास होतो. शिवाय हे उपचार बहुतेकदा बाह्यरुग्ण विभागात होतात. विदर्भातल्या घरांत नागपूरच्या मनोरुग्णालयाची जी धास्ती असते, तिला इथे कारण नाही. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू आहे. त्यानुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायचं आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नव्हे, तो तीव्र ताणाखाली होता असं हा कायदा गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो.

सुरुवात फोनने करता येते. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. ती चोवीस तास आणि मोफत असते, मराठी-हिंदीतही बोलता येतं. क्रमांक 14416 आहे. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो आजच टाकून ठेवा.