चेहऱ्याचा मज्जातंतू आणि नेत्रशस्त्रक्रियेतील स्थानिक बधिरीकरण

प्रस्तावना

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी केवळ डोळा बधिर करणे पुरेसे असते, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः डोळ्यातील वेदना आणि पापण्यांची हालचाल यांचे मार्ग भिन्न आहेत. वेदनेची संवेदना पाचवा मस्तिष्क-मज्जातंतू वाहून नेतो. तर पापण्या मिटणाऱ्या ऑर्बिक्युलरिस ऑक्युली या वर्तुळाकार स्नायूस सातवा, म्हणजेच चेहऱ्याचा मज्जातंतू चालना देतो. रुग्णाने पापण्या घट्ट आवळल्यास नेत्रगोलावर दाब येतो. १० ते १२ मिलिमीटर छेदाच्या जुन्या शस्त्रक्रियेत या दाबामुळे डोळ्यातील काचद्रव बाहेर येऊन दृष्टीच धोक्यात येण्याची भीती असे.

मज्जातंतूची रचना

हा मज्जातंतू कानामागील मॅस्टॉइड उंचवट्याजवळच्या छिद्रातून कवटीबाहेर पडतो. पुढे पॅरॉटिड लाळग्रंथीत त्याच्या टेम्पोरल, झायगोमॅटिक, बक्कल, मार्जिनल मँडिब्युलर व सर्व्हायकल अशा पाच शाखा होतात. त्यांपैकी पहिल्या दोन पापण्यांच्या स्नायूस पोहोचतात.

बधिरीकरणाच्या पद्धती

व्हॅन लिंट यांनी १९१४ मध्ये नेत्रखोबणीच्या बाहेरील कडेजवळ औषध टोचण्याची पद्धती मांडली. तीत केवळ अंतिम शाखा बधिर होतात. परंतु पापण्यांना सूज येते. ओब्रायन यांनी १९२९ मध्ये कानापुढील जबड्याच्या सांध्यालगतचे स्थान निवडले. नॅडबाथ व रेहमान यांनी १९६३ मध्ये थेट कानामागे, मज्जातंतूच्या मूळ खोडाजवळ औषध देण्याची पद्धती वर्णिली. तीत एकाच टोचणीने चेहऱ्याची ती संपूर्ण बाजू शिथिल होते. मात्र त्याच भागात खोलवर नववा, दहावा व अकरावा हे मज्जातंतू कवटीबाहेर येतात. औषध तेथवर पसरल्यास गिळणे कठीण होते, आवाज घोगरा होतो आणि क्वचित श्वसनासही अडथळा येतो.

समारोप

सारांश, टोचणी मूळ खोडाच्या जितकी जवळ, तितका परिणाम व्यापक आणि धोकाही अधिक. फेकोइमल्सिफिकेशनमध्ये छेद सुमारे २ ते ३ मिलिमीटरचाच असतो; तसेच नेत्रगोलाभोवती दिलेले औषध पापण्यांच्या स्नायूपर्यंतही पसरते. त्यामुळे स्वतंत्र टोचणीची गरज आता क्वचितच भासते. तरीही पापण्या शिथिल असेपर्यंत डोळा मिटत नाही व पारपटल कोरडे पडू शकते. म्हणून तो झाकून ठेवणे आवश्यक ठरते. शरीररचनेचे ज्ञान हाच सुरक्षित बधिरीकरणाचा पाया होय.