लहान नगरांतील सार्वजनिक वाचनालयांचे लोकोपक्रम : स्वरूप व प्रयोजन

‘सार्वजनिक वाचनालय’ ह्या संज्ञेतील ‘सार्वजनिक’ हे विशेषण दोन भिन्न अर्थांनी योजले जाते. लोकांनी वर्गणी व देणग्या देऊन उभारलेली आणि लोकांनीच निवडलेल्या मंडळाच्या हाती असलेली संस्था, हा पहिला अर्थ. ज्या संस्थेचा लाभ कोणाही नागरिकास निर्वेधपणे घेता येतो अशी संस्था, हा दुसरा. महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावची वाचनालये पहिल्या अर्थाने पूर्णतः सार्वजनिक आहेत. दुसऱ्या अर्थाने ती कितपत सार्वजनिक आहेत, हे मात्र तपासून पाहावे लागते. ग्रंथ घरी नेण्यासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते, मासिक वा वार्षिक वर्गणी भरावी लागते, आणि सभासदांची संख्या गावाच्या लोकसंख्येच्या मानाने नेहमीच अल्प असते. ज्याने वर्गणी भरलेली नाही अशा माणसासाठी वाचनालयाची दोनच दारे बहुधा खुली असतात. एक वृत्तपत्रांच्या वाचनकक्षाचे आणि दुसरे वाचनालयाच्या उपक्रमांचे. व्याख्यानमाला, बालविभागातील कथाकथन, ग्रंथप्रदर्शने, वक्तृत्वस्पर्धा इत्यादी कार्यक्रमांकडे ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासकांनी केवळ आनुषंगिक बाब म्हणून पाहू नये, असे म्हणण्याचे मुख्य कारण हेच होय. वर्गणीवर चालणाऱ्या वाचनालयाचे सार्वजनिकत्व प्रामुख्याने ह्या उपक्रमांतूनच सिद्ध व्हावयाचे असते.

१. पूर्वपीठिका

महाराष्ट्रातील वाचनालयांचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ मधील, अहमदनगरचे १८३८ मधील, नाशिकचे १८४० मधील, तर पुण्याचे १८४८ मधील आहे. ह्यांपैकी अनेक संस्था प्रथम ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ ह्या नावाने ओळखल्या जात. इंग्रजी अमलातील अधिकारी आणि नवशिक्षित एतद्देशीय यांच्या सहकार्याने त्या स्थापन झाल्या. साहजिकच त्यांचा वाचकवर्ग सरकारी नोकर, वकील व शिक्षक ह्या थरांपुरता मर्यादित राहिला. संस्था वर्गणीवर चाले, आणि वर्गणी देण्याची ऐपत व वाचण्याची पात्रता ह्या दोन्ही गोष्टी एकाच लहान वर्गाकडे होत्या.

ह्या मर्यादित वर्तुळाबाहेर ज्ञान नेण्याचे पहिले मोठे साधन म्हणजे व्याख्यान. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे हा प्रघात महाराष्ट्रातील अनेक गावांनी उचलला. ज्या गावी स्वतंत्र व्याख्यान-संस्था चालविण्याचे बळ नव्हते, तेथे हे काम वाचनालयाने अंगावर घेतले. ग्रंथ ज्याला वाचता येत नाही त्यालाही व्याख्यान ऐकता येते, ही गोष्ट साक्षरता तुरळक असलेल्या काळात महत्त्वाची होती.

वाचनालय व लोकशिक्षण यांची जोड राज्याच्या धोरणाने कशी घालता येते, ह्याचा धडा बडोदे संस्थानाने दिला. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले. शाळेतून बाहेर पडलेला मुलगा वाचावयास काही न मिळाल्यास पुन्हा निरक्षर होतो, हे ओळखून १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्या अमेरिकी तज्ज्ञास त्यांनी पाचारण केले. त्यांच्या योजनेत मध्यवर्ती ग्रंथालय, ग्रामवाचनालये, पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालये, स्त्रियांसाठी व बालकांसाठी स्वतंत्र विभाग आणि चित्रांच्या साहाय्याने शिक्षण देणारी शाखा, अशी सर्व अंगे होती. ग्रामवाचनालयासाठी लोकांनी ठरावीक रक्कम जमविली, की तितकीच भर पंचायतीने व तितकीच सरकारने घालावयाची, हे तत्त्व तेथे स्वीकारले गेले. लोकांचा पुढाकार कायम ठेवूनही सेवा विनामूल्य देता येते, हे ह्या प्रयोगाने दाखविले.

२. कायद्याची चौकट

मुंबई सरकारने नेमलेल्या आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालयापासून ग्रामग्रंथालयापर्यंतची साखळी सुचविली होती. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रासच्या १९४८ च्या कायद्याने ग्रंथालयासाठी स्वतंत्र उपकर बसविला होता. महाराष्ट्राने तो मार्ग न पत्करता, लोकांनी चालविलेल्या संस्थांना मान्यता व अनुदान देण्याचा मार्ग स्वीकारला. परिणामी येथील ग्रंथालये शासकीय खात्याची शाखा न होता स्थानिक संस्थाच राहिली. तथापि त्यांची वर्गणीही राहिली. युनेस्कोने १९४९ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि १९७२, १९९४ व २०२२ मध्ये सुधारलेल्या जाहीरनाम्यातील विनामूल्य सेवेचे तत्त्व येथे त्यामुळे अंशतःच अमलात आले आहे.

अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग पाडलेले आहेत. वर्ग ठरविताना ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी नियतकालिके, कामाचे तास अशा मोजता येण्याजोग्या बाबींना मोठे महत्त्व असते. ह्या बाबी आवश्यक आहेत ह्यात शंका नाही. परंतु दाखलखात्यातील ग्रंथांचा आकडा गावाच्या वाचनाविषयी फार थोडे सांगतो. अशा मोजणीच्या ओघात उपक्रमांची नोंद वार्षिक अहवालातील एका परिच्छेदापुरती उरते, आणि त्यांची गुणवत्ता कोणी तपासत नाही.

३. उपक्रमांचे प्रकार व त्यांची कार्यपद्धती

लहान नगरातील वाचनालयाच्या उपक्रमांची स्थूलमानाने चार गटांत विभागणी करता येईल.

पहिला गट व्याख्यानमालांचा. त्या बहुधा वसंत किंवा शरद ऋतूत योजल्या जातात. वसंतात शाळांना सुटी असते, शेतीची कामे तुलनेने कमी असतात व संध्याकाळी मोकळ्या पटांगणात बसणे सुखावह असते. मालेतील प्रत्येक व्याख्यानास ‘पुष्प’ म्हणण्याचा आणि एकेक पुष्प एखाद्या कुटुंबाने आपल्या दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ पुरस्कृत करण्याचा प्रघात सर्वपरिचित आहे. ह्या पद्धतीमुळे खर्चाचा भार विभागला जातो, आणि श्रोत्यास प्रवेशमूल्य द्यावे लागत नाही. शोकाच्या स्मृतीस लोकशिक्षणाचे रूप देणारी ही व्यवस्था मराठी सार्वजनिक जीवनाचा एक लक्षणीय विशेष होय.

दुसरा गट वाचनास प्रत्यक्ष प्रवृत्त करणाऱ्या उपक्रमांचा. दिवाळी अंकांची योजना ह्याचे उत्तम उदाहरण आहे. वाचनालय अनेक अंक एकदम खरेदी करते आणि एका ठरावीक शुल्कात ते काही महिने वाचकांमध्ये फिरवते. एका कुटुंबास जे चार-दोन अंक विकत घेणे परवडले असते, त्या किमतीत त्यास कितीतरी अधिक अंक वाचावयास मिळतात. कायम सभासद नसलेले अनेक जण ह्या योजनेच्या निमित्ताने वाचनालयाची पायरी प्रथम चढतात. बालविभागातील कथाकथन, उन्हाळी सुटीतील वाचनवर्ग, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन ह्यांनिमित्त होणारी ग्रंथप्रदर्शने व ग्रंथदिंड्या यांचा समावेश ह्याच गटात करावा लागेल.

तिसरा गट अभ्यासिकांचा. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून तालुक्याच्या गावी येतात. घरी जागा नाही, शांतता नाही, म्हणून ते वाचनालयाच्या अभ्यासिकेत दिवसभर बसतात. त्यांच्याजवळ स्वतःची पुस्तके असतात. वाचनालयाकडून त्यांना टेबल, दिवा व शांतता एवढेच हवे असते. ही ग्रंथालयसेवा मानावी काय, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर असे, की देवघेव विभाग ज्या ग्रामीण तरुणांपर्यंत कधी पोहोचला नसता, त्यांना अभ्यासिका वाचनालयात आणते. मात्र केवळ आसन देऊन थांबणारे वाचनालय खोली भाड्याने देणाऱ्या घरमालकाहून वेगळे ठरत नाही. संदर्भग्रंथांची ओळख, वृत्तपत्रांच्या कात्रणांचे संग्रह व मार्गदर्शनपर व्याख्याने यांची जोड मिळाली, तरच अभ्यासिका हा ग्रंथालयीन उपक्रम होतो.

चौथा गट स्थानिक स्मृतींच्या जतनाचा. गावातील जुनी वृत्तपत्रे, संस्थांचे अहवाल, घराण्यांची दप्तरे, हस्तलिखिते व छायाचित्रे यांना वाचनालयाखेरीज दुसरे हक्काचे स्थान बहुधा नसते. मोडी लिपीचे वर्ग, स्थानिक इतिहासावरील चर्चा व अशा साधनांची प्रदर्शने ह्या कार्यास पूरक ठरतात.

४. चिपळूणचे उदाहरण

उपक्रमशीलतेचा प्रत्यक्ष उपयोग काय, ह्या प्रश्नाचा विचार करताना रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण येथील लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे उदाहरण मननीय आहे. १८६४ मध्ये स्थापन झालेली ही संस्था वाशिष्ठी नदीकाठच्या ह्या नगराबरोबरच वाढली. २६ जुलै २००५ च्या महापुरात वाचनालयात पाणी शिरून ग्रंथसंग्रहाची मोठी हानी झाली. केवळ ग्रंथांच्या संख्येवर संस्थेचे अस्तित्व अवलंबून असते, तर ती तेथेच खचली असती. प्रत्यक्षात तिने संग्रह पुन्हा उभा करण्याचे कार्य हाती घेतले. जानेवारी २०१३ मध्ये नागनाथ कोत्तापल्ले यांच्या अध्यक्षतेखाली चिपळूण येथे भरलेल्या ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपदही तिने सांभाळले. कोकणातील जुन्या वस्तूंचे संग्रहालय उभारून तिने आपल्या कार्याची कक्षा वाढविली. २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महापूर आला, आणि पुन्हा सावरण्याचा प्रसंग संस्थेवर आला.

एका उदाहरणावरून सिद्धांत मांडणे शास्त्रीय दृष्टीने योग्य नव्हे. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपत्तीनंतर वाचनालय पुन्हा उभे करावयाचे, तर ते आपले आहे असे मानणारा समाज आधी अस्तित्वात असावा लागतो. असा समाज केवळ ग्रंथ देण्या-घेण्याच्या व्यवहारातून घडत नाही. वर्षानुवर्षे एकत्र बसून ऐकलेल्या, चर्चिलेल्या व मिळून पार पाडलेल्या कार्यांतून तो घडतो. पुरात ग्रंथ भिजतात, परंतु हा संबंध टिकला असेल तर ग्रंथ पुन्हा मिळविता येतात.

५. दोष व मर्यादा

उपक्रमांचे महत्त्व मान्य करताना त्यांतील दोषांकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिला दोष असा, की अनेक व्याख्यानमालांचा श्रोतृवर्ग वर्षानुवर्षे तोच राहतो. सेवानिवृत्त, सुशिक्षित व मध्यमवर्गीय श्रोत्यांनी सभागृह भरते. परंतु बाजारपेठेतील हमाल, गिरणीतील कामगार, वाडीवस्तीवरील स्त्रिया त्यात अभावानेच दिसतात. प्रवेश विनामूल्य असला तरी वेळ, स्थळ, विषय व भाषा यांच्याद्वारे एक अदृश्य शुल्क आकारले जात असते. जे दार सर्वांसाठी म्हणून उघडले, तेच अशा रीतीने पुन्हा जुन्या वर्तुळापुरते उरते.

दुसरा दोष उपक्रम व संग्रह यांच्या विभक्तपणाचा. पाण्याच्या प्रश्नावर व्याख्यान होते, परंतु त्या विषयावरील ग्रंथ सभागृहाच्या दाराशी मांडलेले नसतात. श्रोत्याची जिज्ञासा जागी होऊन तशीच विझते. ग्रंथपालाचे शास्त्र येथेच उपयोगी पडावयास हवे. वक्त्याचा विषय ठरताच संग्रहातील संबंधित ग्रंथांची सूची करणे, ते स्वतंत्र मांडणे आणि सभासद नसलेल्यासही काही दिवसांसाठी एखादे पुस्तक नेण्याची सवलत देणे, ह्या गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

तिसरी मर्यादा मनुष्यबळाची. लहान वाचनालयात ग्रंथपाल व एखादा सेवक यांच्यावरच सर्व भार असतो व त्यांचे वेतन तुटपुंजे असते. उपक्रम मग कार्यकारी मंडळाच्या हौसेवर चालतात, आणि उत्साही कार्यकर्ता निवृत्त होताच बंद पडतात.

६. मूल्यमापनाची दिशा

ह्या विवेचनावरून उपक्रमांच्या मूल्यमापनाची काही गमके सुचविता येतील. उपस्थितांची एकूण संख्या हे त्यांतील सर्वांत दुबळे गमक होय. त्याऐवजी उपस्थितांमध्ये सभासद नसलेले किती, स्त्रिया व बालके किती, गावाच्या कोणत्या भागातून व आसपासच्या कोणत्या खेड्यांतून लोक आले, उपक्रमानंतरच्या महिन्यात नवे सभासद किती झाले, आणि त्या विषयावरील ग्रंथांची देवघेव वाढली काय, हे प्रश्न अधिक उद्बोधक आहेत. त्यांसाठी एक साधी नोंदवही पुरेशी आहे. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी उपलब्ध झाल्यास पदव्युत्तर अभ्यासकांना एखाद्या तालुक्याचा तौलनिक अभ्यास करता येईल, आणि अनुदानाचे निकष अधिक अर्थपूर्ण करण्यासही त्याचा आधार मिळेल.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथबद्ध केलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा असे सांगते. लहान नगरातील वाचनालयापुढील प्रश्न त्याच्याही एक पायरी अलीकडचा आहे. जो अद्याप वाचक झालेला नाही, त्यास वाचनालयाच्या उंबरठ्यापर्यंत आणणे हे त्याचे पहिले कार्य आहे. उपक्रम हे कार्य करू शकतात. मात्र ते उंबरठ्यावर न थांबता त्यास ग्रंथाच्या कपाटापर्यंत नेतात किंवा नाही, ह्यावरच त्यांचे साफल्य आणि ‘सार्वजनिक’ ह्या विशेषणाची यथार्थता अवलंबून राहील.